संध्याकाळचे साडेसहा ते आठ: कमी पैशात पौष्टिक खाणं आमच्या घरात कसं बसवलं

पौष्टिक खाण्याबद्दल कुणी सांगायला लागलं की सुरुवात सकाळपासूनच होते, कोमट पाणी, भिजवलेले बदाम, ओट्स, मग सॅलड. पण माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांच्या घरात सकाळ सहसा अडत नाही, सकाळी घड्याळाचा धाक असतो, चपाती-भाजीचा डबा कसाही करून होतोच. अडतं ते संध्याकाळी. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, साडेपाच-सहाला सुटले की तावडे हॉटेलच्या चौकातल्या गर्दीतनं गाडी काढत मंगळवार पेठेत घरी यायला पावणेसात होतात, तोवर पोरं क्लासवरनं येऊन भुकेनं कावलेली असतात, ह्यांची उद्यमनगरातली शिफ्ट सुटायची वेळ असते आणि सासूबाई देवापुढं दिवा लावून बसलेल्या असतात. ह्या साडेसहा ते आठच्या मध्ये जे काय घरात येतं ना, वडापाव, भडंग, बिस्किटाचे पुडे, दोन मिनिटांच्या नूडल्स, कधी दावणगिरी डोशाचं पार्सल, त्यातच पैसा जातो आणि तब्येतपण. माझं मत आता पक्कं झालंय, की ही दीड तासाची वेळ ज्या घराला सांभाळता आली त्या घराला निम्मं जमलं, बाकीचं सगळं नंतर.

सुरुवात झाली ती पोरीच्या रिपोर्टवरनं. मोठी बारा वर्षांची, सारखी दमायची, जिना चढला की धापा टाकायची, डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. ह्या वयाच्या मुलींना १२ च्या खाली असलं तर ॲनिमिया धरतात. डॉक्टर म्हणाले, तुमचंपण करून घ्या, माझंपण कमीच निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, आणि वर एक सांगितलं ते फार महत्त्वाचं होतं, की गोळ्यांनी रक्त वर येईल पण घरात तेच खाणं चालू राहिलं तर परत खाली जाईल. मी विचारलं काय खायला देऊ, तर त्यांनी डाळिंब-खजूर अशी यादी न देता उलट विचारलं, "कडधान्य आठवड्यातनं किती वेळा होतं तुमच्यात? पालेभाजी? अंडी?" घरी येऊन मी नुसतं आठवत बसले. आमच्यात रोज वरण असतं, पण ते वरण म्हणजे पाच माणसांत वाटीभर तूरडाळ आणि बाकी पाणी.

मग एक वही केली आणि फ्रिजला दोरीनं अडकवून ठेवली. त्यात महिनाभर फक्त एवढंच लिहायचं, खाण्यावर काय खर्च झाला आणि किती वाजता. वेळ लिहायची कल्पना ऑफिसातनं आली, आमच्यात भंगाराचा हिशोब शिफ्टप्रमाणे लिहितात, त्यानं नुकसान कुठल्या वेळेला होतंय ते कळतं. महिनाअखेरीला बेरीज केली तर किराणा, माळवं म्हणजे भाजीपाला, दूध, मटण धरून पंधरा हजारांच्या आसपास, आणि त्यातले साडेतीन हजारांच्या वर निव्वळ संध्याकाळच्या त्या वेळेतले. वीस रुपये, चाळीस रुपये, साठ रुपये असे सुटे सुटे गेलेले असतात त्यामुळं कधी डोळ्यात भरत नाहीत. सगळ्या कडधान्यांवर मिळून महिन्याला सहाशेसुद्धा जात नव्हते. म्हणजे पैसे नाहीत असं नव्हतं, पैसे दुसरीकडं होते.

त्यामुळं पहिला बदल जेवणात नाही, जेवणाच्या आधी केला. पोरं आल्या आल्या समोर काहीतरी खायला तयार पाहिजे, तेपण मी घरात नसताना. आता कट्ट्यावर एक स्टीलचा डबा असतो, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, शेजारी केळी, आणि एक दिवसाआड उकडलेली अंडी, सकाळी भात लावतानाच कुकरच्या वरच्या भांड्यात ठेवून घेते. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, एका अंड्यात ६ ग्रॅम, आणि अंडं अजून सहा-सात रुपयाला मिळतं. वीस रुपयाच्या वडापावात मैद्याचा पाव आणि तळलेला बटाटा, पोट भरतं पण तासाभरात परत भूक, आणि जेवणाला बसल्यावर चार घास खाऊन उठतात ते वेगळंच. पहिला आठवडाभर धाकट्यानं डब्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी काही बोलले नाही, फक्त बिस्किटाचा पुडा घरात ठेवायचा बंद केला. भूक लागल्यावर पोरगं घरात जे आहे ते खातं.

दुसरा बदल कडधान्यांचा, आणि हा भाग मला सविस्तर सांगायचाय कारण इथंच बहुतेक जणी हात टेकतात. कडधान्य स्वस्त असतं, चांगलं असतं हे सगळ्यांना माहीत आहे, करणं होत नाही कारण संध्याकाळी सातला आठवतं की सकाळी भिजत घालायचं राहिलं. म्हणून मी दोन भाग केले, न भिजवता होणारी आणि भिजवून लागणारी. न भिजवता होणाऱ्यांत आमच्या भागाचा आख्खा मसूर पहिला. गाडी लावून आत आले की हातपाय धुवायच्या आधी पाव किलो मसूर धुऊन कुकरला लावते, तीन-चार शिट्ट्या, तोवर कपडे बदलून होतात. मग लोखंडी कढईत दोन पळ्या तेल, भरपूर कांदा, लसूण, टोमॅटो, घरची चटणी, मसूर त्यातल्या पाण्यासकट ओतायचा आणि पळीनं थोडा मोडून घ्यायचा म्हणजे दाट होतो, वरनं कोथिंबीर. अर्ध्या तासात होतं. पाव किलो मसूर पंचवीस रुपयाच्या आत येतो, कांदा-टोमॅटो धरून चाळीस-पन्नासात पाच माणसं जेवतात. मसुरात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे पाव किलोत साठ ग्रॅम, माणशी बारा. वाटीभर डाळीच्या पातळ वरणातनं निम्मंसुद्धा मिळत नव्हतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाला २००० कॅलरीच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरलीत, माणशी. रोजचं ८५ आमच्यात होत नाही, पण पूर्वी तीस-चाळीस होतं ते आता साठ-सत्तरपर्यंत आलंय, कधी जास्तपण.

भिजवून लागणारी म्हणजे मटकी, हुलगा (कुळीथ), वरणा (वालासारखं कडधान्य), हरभरा, चवळी. ह्याचं खातं मी सासूबाईंकडं दिलंय, खरं म्हणजे त्यांनीच मागून घेतलं. रविवारी सकाळी त्या अर्धा किलो मटकी निवडून भिजत घालतात, रात्री पाणी काढून, सुती धोतराच्या फडक्यात घट्ट बांधून, ती पुरचुंडी पातेल्यात ठेवून वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड येतात, थंडीत मात्र दोन दिवस लागतात, मग त्या पुरचुंडी पिठाच्या डब्यात खुपसून ठेवतात, तिथं ऊब असते. फडकं सोडलं की पांढऱ्या मोडांचा गुंता झालेला असतो, बोटानं हलकं मोकळं करून, पाणी अजिबात न ठेवता डब्यात भरून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस चांगली राहते. मोड आणल्यानं सी व्हिटॅमिन वाढतं, आणि लोह अंगी लागू न देणारं फायटेट कमी होतं, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या वेळंला कुणी सांगितलं न्हवतं, पण हुलग्याचं माडगं पिल्याबिगर पावसाळा जात न्हवता." ते माडगं आता आमच्यात परत सुरू झालंय, भाजलेल्या हुलग्याचं पीठ, पाणी, लसूण, जिरं, थोडा गूळ. पाऊस लागला की पोरगी स्वतः मागते.

२०१९ च्या पुरात हायवे बंद पडला, दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याची टंचाई झाली, तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांच्या घरात डब्यात कडधान्य होतं ते निवांत होते. २०२१ ला परत तेच. तेव्हापासून जुलै लागायच्या आधी मी लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानातनं मसूर, मटकी, हुलगा, हरभरा दोन-दोन किलो भरून ठेवतेच, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून. एकदम घेतलं की किलोमागं चार पैसे कमीपण पडतात.

माळवं मी आता रविवारच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातनंच आणते, मधे लागलं तर कपिलतीर्थ मार्केट. रविवारच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतल्या बायका स्वतःच्या शेतातलं घेऊन येतात, त्यांच्याकडं पोकळा, तांदळी, चाकवत, अंबाडी, करडई, शेपू असं काय काय असतं जे मोठ्या दुकानात बघायला मिळत नाही. मी शक्यतो दुपार कलल्यावर जाते, सकाळी पंधरा-वीस रुपयाला दिलेली पेंढी संध्याकाळी दहाला मिळते, कारण त्यांनापण घरी जायची घाई असते, बस गाठायची असते. एका मावशींची माझी आता चांगली ओळख झालीय, मला बघितलं की म्हणतात, "ये वैनी, तुझ्या पोरीचा पोकळा ठेवलाय." एक मात्र मी पाळते, त्यांच्याशी घासाघीस करत नाही. एवढ्या लांबनं बुट्टी डोक्यावर घेऊन येतात, पाच रुपयात माझं काय वाचतंय. वाचवायचं तिथं वाचवावं जिथं खाण्याचं पाकीट चकचकीत असतं.

आणि हंगामाचंच घ्यायचं. फ्लॉवर, मटार, गाजर थंडीत, उन्हाळ्यात काकडी, दोडका, गवार, पावसात पालेभाज्या खराब असतात तेव्हा दुधी, भोपळा, शेवग्याचा पाला. शेवग्याचं झाड आमच्या मागच्या बोळात आहे, कुणाचं असं नाही, सगळी गल्ली तोडते. फळात केळी आणि पेरू, आवळ्याच्या दिवसांत आवळे, मे महिन्यात पन्हाळ्याकडची करवंदं-जांभळं. किवी आणि ड्रॅगन फ्रूट न खाल्ल्यानं कुणाच्या पोराचं अडत नाही, पेरूत सी व्हिटॅमिन संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि तो परवडतो.

पालेभाजी निवडणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि वेळखाऊ भाग. तो आमच्यात ह्यांच्याकडं आहे, रविवारी रात्री टीव्हीसमोर पेपर पसरून हे आणि पोरगी निवडतात, धुवायची नाही, नुसती निवडून पेपरात गुंडाळून फ्रिजला, करायच्या वेळी धुऊन मग चिरायची, चिरून धुतली की त्यातलं बरंच पाण्याबरोबर जातं. निवडलेली असली तर संध्याकाळी पालेभाजी दहा मिनिटांचं काम आहे. पोकळा-चाकवतात मूठभर तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे घालून गरगट्टं केलं की पोरं भाकरीबरोबर खातात, नुसती सुकी केली तर ताटाच्या कडेला सारून ठेवतात. लिंबाची फोड प्रत्येकाच्या ताटात असतेच. भाजी-कडधान्यातलं लोह आंबटाबरोबर अंगी लागतं, आणि चहामुळं अडतं. हे चहाचं प्रकरण घरात सगळ्यांना जड गेलं. कोल्हापुरात नाश्त्याला चहा नाही म्हणजे नाश्ताच नाही, पोरीलापण सवय होती, चपाती चहात बुडवून खायची. डॉक्टरांनी जेवण आणि चहात तासाभराचं तरी अंतर सांगितलं होतं. पोरीचा चहा पूर्ण बंद केला, माझा आता ऑफिसात अकराला. लोखंडी कढई आणि तवा सासूबाईंचा जुनाच माळ्यावर पडला होता, तो घासून, तेल लावून परत वापरात काढला, त्यात केलेल्या भाजीत लोह उतरतं, फक्त आंबट भाजी त्यात तशीच ठेवायची नाही, झाली की काढून घ्यायची नाहीतर काळी पडते आणि चव बदलते.

तेलाचा हिशोब मी पेन घेऊन केला. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे चार किलो, लिटरमध्ये साडेचारच्या आतबाहेर, तेपण तूप-लोणी धरून. आमच्यात तेलाचेच सहा पुडे जात होते आणि तूप वेगळं. कोल्हापूरच्या माणसाला रश्श्यावर कट दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही हे मला मान्य आहे, मी इथलीच आहे. म्हणून कट बंद केला नाही, तेल मोजायला लागले. महिन्याच्या सुरुवातीला तुपाचं वजा करून उरेल तेवढंच तेल एका डब्यात ओतून ठेवायचं आणि त्यातच महिना काढायचा. पंधरा तारखेला डबा अर्ध्याच्या खाली गेलेला दिसला की हात आपोआप आवरतो, आठवड्याची भजी पंधरवड्यावर जाते, आणि घरात कुणालाच उपदेश करावा लागत नाही.

मिठाचं जरा वेगळं आहे. आमच्याकडं वर्षाची चटणी होते, एप्रिल-मेमध्ये ब्याडगी-संकेश्वरी मिरची, खोबरं, कांदा, लसूण, गरम मसाला सगळं भाजून-तळून डंकावर नेतो. त्या चटणीत टिकण्यासाठी मीठ भरपूर असतं, तेल असतं. आणि आमटी करताना आपण परत सवयीनं चमचाभर मीठ टाकतो. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, चटणी, भडंग सगळं आलं. चटणीतलं मीठ कमी केलं तर ती खराब होते, ते शक्य नाही. म्हणून आमटीत आता चटणी आधी, उकळी आल्यावर चव बघायची आणि मगच मीठ. बऱ्याचदा चिमूटभरच लागतं. ह्यांचं बीपी सीमारेषेवर आहे, त्यांच्यासाठी हे खास.

मटणाबद्दल लिहिलं नाही तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आमच्यात रविवारी मटण होतंच होतं, दर रविवारी किलोभर, आणि मटणाचा आजचा दर बघता महिन्याला तीन हजार नुसते त्यालाच. बंद करायचं कुणाच्या मनात नव्हतं, माझ्यापण नाही, पोरीला तर डॉक्टरांनीच सांगितलेलं की मटणातलं लोह भाजीतल्यापेक्षा चटकन अंगी लागतं. मग असं ठरलं की एक रविवार मटण, एक रविवार चिकन किंवा अंडी. मटण किलोऐवजी पाऊण किलो, पण त्यात पाव किलो कलेजी सांगून घ्यायची, कलेजीत लोह भरपूर आणि तव्यावर दहा मिनिटांत होते. तांबडा-पांढरा दोन्ही होतात, रश्श्यात फोडी कमी असल्या तरी पाव किलो कडधान्याची उसळ शेजारी असते. बुधवारी कधीतरी सुकट, कांद्यात परतून, भाकरीबरोबर. वास येतो म्हणून पोरगा आधी नाक धरायचा, आता ताट घेऊन कट्ट्याजवळ उभा असतो.

दूध म्हशीचंच, संध्याकाळी हे येताना गंगावेशीतनं घेऊन येतात. तापवून गार झालं की साय काढायची, आठवड्याच्या सायीचं घरचं तूप होतं, विकतचं तूप बंद झालं. मुलांच्या दुधात घालायची पावडर मात्र मी बंद केली. चारशे-पाचशेचा डबा महिन्याला एक. डब्यामागं साहित्य ज्या क्रमानं लिहिलेलं असतं तो वजनाचा क्रम असतो, जे सगळ्यात जास्त ते पहिलं, हा नियमच आहे, ते वाचलं की साखर कुठं आहे ते लगेच कळतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्या साइट्सना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका. आणि गूळ आपल्या गावचा, आपला अभिमान, पण गूळ म्हणजेसुद्धा साखरच, गुळाचा चहा चार वेळा प्यायला तर तो साखरेच्या चहाइतकाच भोवतो, हे माझ्या जावेला मी किती वेळा सांगितलंय.

त्या पावडरीच्या जागी नाचणी आली. नाचणीत १०० ग्रॅमला ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, गहू-तांदूळ जवळपाससुद्धा येत नाहीत, आणि आजरा-चंदगडकडची नाचणी लक्ष्मीपुरीत पन्नासच्या आसपास किलो मिळते. रात्री जेवणं झाली की चार चमचे पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी ते थोडं आंबलेलं असतं, पातेल्यात चार वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतत ओतत हलवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, गार झाल्यावर वरनं अजून ताक. पोरगी आंबील पिऊन शाळेला जाते. पोराला आंबील अजून आवडत नाही, त्याला नाचणीचं घावन करून देते, गुळाचं पाणी घालून. दोघांनी एकच खायला पाहिजे असा हट्ट धरला की सकाळच वाया जाते. शाळेत त्याला दुपारी खिचडी किंवा वरण-भात मिळतो, पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन द्यायचं असं ठरलेलं आहे, त्यामुळं त्याच्या डब्यात मी भात देत नाही, फळ आणि शेंगदाण्याची पोळी देते.

सगळं सुरळीत चालतं असं नाही. मार्चअखेरीला ऑफिसातनं यायला नऊ वाजतात, तेव्हा कढई नाही आणि गरगट्टं नाही. त्या दिवसांसाठी मुगाच्या डाळीची खिचडी ठरलेली आहे, तांदूळ आणि डाळ समसमान, त्यात मिळेल ती भाजी आणि मूठभर सोयाबीनच्या वड्या, सोयावडीत १०० ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि ती महिनोन्‌महिने टिकते. तेव्हा कुकर हे लावतात, शिट्ट्या किती ते मी कुकरवर चिकटवून ठेवलंय. आणि महिन्यातनं एकदा सगळे मिळून रंकाळ्यावर भेळ खायला जातो, ते पैसे वहीत वेगळे धरलेत, त्यावर कुणी काही बोलायचं नाही. घरातल्या बाईनं एकटीनं सगळ्यांच्या तब्येतीचा भार उचलायचा असं जिथं असतं तिथं हे चार महिन्यांत मोडतं, मी माझ्या मैत्रिणींच्या घरी बघितलंय. आमच्यात टिकलं कारण भिजवणं सासूबाईंकडं, निवडणं आणि दूध ह्यांच्याकडं, अंडी सोलणं पोरांकडं, माझ्याकडं फक्त फोडणी आणि हिशोब.

वहीतला आकडा आता साडेबारा हजारांच्या आसपास आलाय, भाव वाढूनसुद्धा. पोरीचं हिमोग्लोबिन शेवटच्या तपासणीत १२ च्या वर गेलं, गोळ्या डॉक्टरांनी अजून चालू ठेवायला सांगितल्यात, कारण शरीरातला साठा भरायला काही महिने लागतात, बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायच्या नाहीत. परवा खेळून आली आणि म्हणाली, "मम्मी, आज मी कबड्डीत शेवटपर्यंत खेळलो, दमलोच नाही." माझं अजून अकराच्या पुढं सरकत नाही, डॉक्टर म्हणतात पाळीत जास्त जातं त्याचं बघूया, त्या तपासण्या आता करायच्यात.

सध्या घरात चर्चा चाललीय ती श्रावणाची. सोमवार, शनिवार, एकादशी धरली की आमच्यात शाबूची खिचडी, शाबूवडे, बटाट्याचे पापड, उपासाच्या नावाखाली तेल आणि पिष्ट. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, रताळी, राजगिऱ्याची भाकरी, ताक आणि एखादं फळ असं मी सुचवलंय, खर्चपण त्यात फार वाढत नाही. सोमवार-शनिवारचं सासूबाईंनी मान्य केलंय. एकादशीची शाबूची खिचडी मात्र त्या सोडणार नाहीत, ती आम्ही ठेवलीय, दाण्याचं कूट जरा जास्त घालून.